खैरनार मॅडम आणि चार दिवसांची चूक

खैरनार मॅडम रक्त काढल्यावर बाईला हात दुमडायला सांगत नसत. सुई बाहेर आली की त्या कापसाचा बोळा ठेवून त्यावर स्वतःचा अंगठा दाबत आणि मनगटावरच्या पुरुषी घड्याळाकडे बघत पूर्ण दोन मिनिटं तशाच बसून राहत. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला हे उगाच वेळ घालवणं वाटलं. बाहेर बाकीच्या बाया खोळंबलेल्या असायच्या. पण त्या दोन मिनिटांत बाया बोलायच्या. कमरेचं दुखणं, पांढरं पाणी जाणं, पडलेलं मूल, घरात कुणाला न सांगितलेलं काहीही. मॅडम मान वर करत नसत.

"तोंडाकडे बघितलं की बाई गप्प होते," त्या म्हणायच्या. "घड्याळाकडे बघ, आपोआप सांगते."

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चांदवड तालुक्यातलं कांदे पिकवणारं आमचं घर, आणि त्यातली कॉलेजात गेलेली मी पहिली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नाशिकमधल्या एका संस्थेला गावाकडे फिरायला मुली हव्या होत्या आणि आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं. काम काय हे मला नीट कळायला महिना लागला. बाईच्या अंगातल्या एका हार्मोनचं प्रमाण आणि छातीच्या कॅन्सरचा धोका यांचा काही संबंध असतो, आणि ते प्रमाण वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांमध्ये वेगवेगळं असतं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी दोन गट घेतले होते. एक, पेठकडच्या डोंगरातल्या कोकणा जमातीच्या बायका. दुसरा, आमच्याकडच्या शेतकरी घरांतल्या बायका. संस्थेचे प्रमुख डॉक्टर होते, त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. रक्त काढणं, ते थंड ठेवून आणणं आणि त्यातलं हार्मोन मोजणं हे सगळं खैरनार मॅडमकडे.

मॅडम सटाण्याकडच्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या की अहिराणी बाहेर यायची. नळीवरचं लेबल तिरकं लागलं की, "हाई काय शे?" एवढंच विचारत, आणि मी ते लेबल काढून पुन्हा लावत असे. पंचवटीत दोन खोल्यांत एकट्या राहत. एकट्या का, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. रक्त प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्या काही खात नसत. पोचलं की हात धुऊन, खुर्चीत मागे टेकून, डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात. ती भाकरी तोवर वाळून गेलेली असायची.

'साधारण' हा शब्द त्यांना चालत नसे. एखाद्या बाईचं वय मी साधारण तीस सांगितलं की म्हणत, "साधारण तीस कोणी नसतं. जा, विचारून ये." आणि फॉर्मवर नवऱ्याच्या नावाने ओळख दिलेली त्यांना आवडत नसे. "ही कोणाची कोण ते मागाहून लिही. आधी हिचं नाव."

एस.टी.तल्या कंडक्टरांशी त्यांची नेहमी जुंपायची, कारण बर्फाची पेटी टपावर टाकायला त्या तयार नसत. पेठहून परतताना एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, मासे असतील तर आत्ताच सांगा. वास सुटला तर घाटात उतरवीन."

"मासे नाहीत."

"मग काय आहे?"

"सहा बायकांचं रक्त."

कंडक्टरने तिकिटं फाडायचं थांबवलं. शेजारचा माणूस उठून मागे गेला, मग त्याच्या पलीकडचाही. भरलेल्या गाडीत आमच्या बाजूची दोन बाकडी रिकामी झाली. मॅडमनी मला हाताने ओढून शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "बघ, जागा मिळाली." मी हसले. पण गाडी घाटात शिरली आणि पेटीत बर्फाचं पाणी डुचमळायला लागलं तेव्हा मलाही ती पेटी नकोशी वाटायला लागली. तिच्यात काहीतरी आहे जे अजून कुणालाच कळलेलं नाही, असं वाटत राहिलं.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला एका कागदावर रेघ काढून दाखवली होती. बाईच्या महिन्याची रेघ. सुरुवातीचे दिवस ती खाली सपाट चालते, मग चढते, मधल्या दिवसांत टोकाला जाते, पुन्हा उतरते.

"हार्मोन रोज बदलतं," त्या म्हणाल्या. "म्हणून रक्त घ्यायचं ते प्रत्येकीच्या पाचव्या दिवशी. रेघ चढायच्या आधी. नाहीतर एका बाईला तू घाटाच्या पायथ्याशी मोजशील, दुसरीला अर्ध्या घाटात, आणि म्हणशील की दुसरी जास्त उंच आहे."

मी मान डोलावली. मला वाटलं, मला कळलं.

आमच्या बाजूला कोणत्या बाईचा पाचवा दिवस कधी येतो, हे आधी घरोघर जाऊन लिहून आणायचं काम माझं होतं. पेठच्या बाजूला ते तिथली एक अंगणवाडीची बाई करायची. गावात मला सुनी म्हणत; तिथल्या बाया माझी टर उडवायच्या. "सुने, एवढी शिकली आन् बायांची पाळी मोजत फिरती व्हय?" मी लाजायचे. लाजेपायी 'पाचवा दिवस कधी?' एवढा एकच प्रश्न पटकन विचारायचे, उत्तर लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे.

हिराबाई आम्हाला भेटली पेठच्या पुढे, घाटाखालच्या एका पाड्यावर. भात कापणीला आलं होतं. चाळिशीच्या आतली, सडपातळ, चार लेकरांची आई. रक्त देताना नळीकडे टक लावून बघत होती.

"येवढं रगत शहरात नेऊन काय करशाल बाई? इकशाल?"

"विकत घेतंय कोण," मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. "माझंच कोणी घेत नाही."

हिराबाई खूप हसली. हसता हसता तिने मोकळ्या हाताने मॅडमचं मनगट धरलं आणि ते आपल्या डाव्या छातीला लावलं. मागे उभ्या असलेल्या बायांना दिसूही नये इतक्या सहज.

"हितं काय हाय ते बघ. दुखत नाय."

मॅडमची नजर पहिल्यांदाच घड्याळावरून उठली. त्यांची बोटं तिथे बराच वेळ होती. मग त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून? हिराबाई म्हणाली, धाकटा अंगावर प्यायला लागला तेव्हापासून असेल. मॅडमनी तिला नाशिकला चल म्हटलं. ती म्हणाली, कापणी होऊ दे.

दुसऱ्या दिवशी मॅडम डॉक्टरसाहेबांकडे गेल्या, मी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बरोबर होते. तोवर दोन्ही गटांचे बरेच आकडे हातात आले होते. ते आकडे मॅडमनीच काढले होते आणि त्यांत फरक ठळक होता. आमच्याकडच्या बायकांचं प्रमाण चढं, डोंगरातल्या बायकांचं बरंच खाली.

हिराबाईच्या गाठीचं ऐकून डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच मोजलंत की. त्या बायकांमध्ये हार्मोन आहेच कुठे? कामाने वाळलेल्या, दोन-दोन वर्षं अंगावर पाजणाऱ्या. दुधाची गाठ असेल. दूध सुटलं की जिरेल."

टेबलावर मॅडमचाच तक्ता होता. त्यांनी तो बघितला, मान डोलावली आणि त्या म्हणाल्या, "हो, तसं असू शकतं."

पुढच्या फेरीत आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा मॅडमनी हिराबाईला सांगितलं की बहुतेक दुधाची गाठ आहे, घाबरू नकोस. ती घाबरलेली नव्हतीच. कापणी झाली होती, पण नाशिकला चल असं मॅडम परत म्हणाल्या नाहीत. मला ते लक्षात राहिलं आहे. तेव्हा मी काही विचारलं नाही.

मग डॉक्टरसाहेबांनी तो फरक बाहेरगावच्या एका परिषदेत वाचून दाखवला आणि त्याची पुस्तिका काढायला घेतली. त्यावरून पुढची गोष्टही ठरली. छातीची तपासणी करणारी एक गाडी संस्थेला मिळणार होती. धोका जास्त तिकडे आधी, म्हणून ती चांदवडच्या बाजूला फिरणार होती. पेठच्या घाटात ती जाणार नव्हती.

हिराबाईला भेटून वर्ष होत आलं होतं. काही बायकांचं रक्त दुसऱ्यांदा घ्यायचं होतं, म्हणून मॅडम आमच्या गावी आल्या आणि आमच्याच घरी उतरल्या. सकाळची वेळ. आईने ओट्यावर चहा दिला. माझी वहिनी पडवीत वेगळ्या पोत्यावर बसली होती, तिच्या कपात आई वरून चहा ओतत होती. वहिनीचंही नाव आमच्या यादीत होतं.

मॅडमनी सहज विचारलं, "कितवा दिवस, सविता?"

"अजून धरला नाय," वहिनी म्हणाली. "परवा न्हाले का मग पहिला."

मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हणजे? बसलीस कधी?"

"झाले की दोन-तीन दिवस."

"मग आज तिसरा ना?"

वहिनीला हसू आलं. "ह्ये दिवस कशात धरायचे मॅडम? ह्यात ना चूल, ना देव. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, घरात आलं, का तिथून पहिला."

आई म्हणाली, "सगळ्याच तसं धरत्यात. आमची सुनी पण तसंच धरती."

मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"तू कसं लिहिलंस?"

"त्यांनी सांगितलं तसं, मॅडम."

"सगळ्यांचं?"

माझ्या डोळ्यांसमोर त्यांची ती रेघ आली. आमच्या बायांचा पाचवा दिवस म्हणजे खरा नववा. तोवर रेघ चढायला लागलेली असते. आणि पेठच्या बाया बाजूला बसत नाहीत, त्या पाळी आली त्या दिवशीही शेतात असतात आणि त्याच दिवसापासून मोजतात. आम्ही त्यांना पायथ्याशी मोजलं होतं आणि आमच्या बायांना घाटात. आणि हे मला कधी खटकलंच नव्हतं, कारण मी स्वतः वयात आल्यापासून तसंच मोजत होते.

मॅडमच्या कपातल्या चहावर साय धरली. मग त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, "हिराबाई."

पण आकड्याची खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची सवय तेव्हाही सुटली नाही. तीन आठवडे गेले. त्यांनी आमच्या गावातल्या डझनभर बायांचं रक्त खऱ्या पाचव्या दिवशी घेतलं. यावेळी त्या स्वतः प्रत्येकीजवळ बसून विचारत होत्या, कपड्याला पहिला डाग कोणत्या वारी दिसला. मोजून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि दोन कागद शेजारी ठेवले. नवे आकडे पेठच्या आकड्यांत मिसळून गेले होते. कोणते कुठले ते सांगता आलं नसतं.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरसाहेबांच्या खोलीत होते, दाराशी.

"परिषदेत वाचून झालंय, मॅडम," ते म्हणाले. "चार दिवस इकडेतिकडे झाले म्हणून समाजासमाजांतला फरक खोटा ठरत नाही. इतर देशांतही असे फरक दिसलेत."

"दिसले असतील. इथेही असेल. पण आपण तो मोजलेला नाही."

"पुस्तिका छापायला गेली आहे."

"थांबवा."

"आणि गाडी? ती पण थांबवू?"

"ती पेठला पाठवा. निदान पेठलाही पाठवा."

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. "फॉर्म कोणी भरले?"

'मी' एवढाच शब्द उच्चारायचा होता. परीक्षा तोंडावर होती, हॉस्टेल होतं, वडिलांना काय सांगायचं हे होतं. शब्द आलाच नाही.

"पद्धत माझी होती," मॅडम म्हणाल्या. "पहिला दिवस कुठून धरायचा, हे फॉर्मवर विचारायचं मला सुचलं नाही. चूक माझी."

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडणं नंतर. उद्या पहिल्या गाडीने पेठ."

पाड्यावर हिराबाई नव्हती. छाटणीच्या कामाला खाली दिंडोरीकडे गेली होती, कोणाच्या बागेत ते घरच्यांना सांगता येईना. आम्ही दोन दिवस द्राक्षबागा फिरलो. मॅडमच्या पायात साध्या चपला, चिखलात रुतायच्या. मांडवाखाली वाकून त्या प्रत्येक टोळीला विचारत, पेठकडची हिराबाई आहे का? आणि 'नाही' म्हटलं की पुढच्या बागेकडे चालू लागत.

ती सापडली तेव्हा छाटलेल्या काड्यांना कोंब फुटायची पेस्ट लावत होती. उजव्या हातानेच. डावा हात अंगाशी धरलेला. मॅडमना बघून तिने तोंडभरून हसत विचारलं, "रगत पायजे का परत?"

मॅडमनी तिला बागेच्या कडेला, पोत्यांच्या थप्पीमागे नेलं. मी पलीकडे तोंड करून उभी राहिले, कोणी येऊ नये म्हणून. मला फक्त ऐकू येत होतं. हिराबाई म्हणाली, "तूच तं म्हनली व्हतीस का दुधाची हाय."

"हो. मी म्हणाले होते."

"मंग आता कशाची हाय?"

मॅडम पोत्यांमागून बाहेर आल्या तेव्हा मला फक्त म्हणाल्या, "कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय." मग हिराबाईला, "चल."

"मुकादम वरडंल."

"ओरडू दे."

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मॅडमना विचारलं, इतके दिवस काय करत होता? मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं, क्रमाने, काही न वगळता, आपण मान डोलावली होती तेही. हिराबाई पुढच्या भाताच्या लावणीच्या आत गेली. वर्षभर आधी आणली असती तर वाचली असती का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "ते आता कोणालाच मोजता येणार नाही." मग पुढे, "गटाचा आकडा होता तो. बरोबर असता तरी गटाचाच होता. मी तो एका बाईच्या अंगावर घातला."

पुस्तिका छापून आली. मॅडमनी त्याआधीच आपलं नाव त्यातून काढायला लावलं होतं आणि नोकरी सोडली होती. नाव काढून चूक झाली, असं त्या म्हणत हे मला पुढे कळलं. कारण तक्ता तसाच राहिला, आणि तो चुकीचा आहे हे जिला माहीत होतं तिचा त्यावर पत्ता राहिला नाही.

शिकून झाल्यावर मला पेठच्या बाजूला एका आश्रमशाळेत नोकरी लागली. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. तालुक्याच्या सभागृहात आरोग्याचं एक प्रशिक्षण होतं. नर्सबाया, अंगणवाडीच्या बाया आणि आम्हा शिक्षिकांना बोलावलं होतं. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. एक तरुण अधिकारी प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवून पडद्यावर दाखवत होता. बोलणारा मुलगा भला होता, त्याच्या आवाजात कळकळ होती. त्याने पुढचा कागद ठेवला. तोच तक्ता. तेच दोन गट.

"आपल्या भागासाठी ही चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "इथल्या भगिनींना हा धोका मुळातच कमी. त्यामुळे आपण वेळ दुसऱ्या आजारांना देऊ."

बाया वहीत उतरून घ्यायला लागल्या. पेन्सिलींचा आवाज येत होता.

तेवढ्यात मागच्या ओळीतून कोणीतरी उठलं आणि भिंतीच्या कडेने पुढे चालत गेलं. बारीक शरीर, केस पूर्ण पांढरे. खैरनार मॅडम. त्या यादीत नसणार, त्यांना कोणी बोलावलं नसणार. कशा आल्या मला माहीत नाही. नंतर कळलं की असं प्रशिक्षण कुठे असलं की त्या गाडी धरून जात असत. त्या पडदा आणि प्रोजेक्टर यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. तक्ता त्यांच्या सुती साडीवर पडला. निऱ्यांमध्ये आकडे मोडले, एक रकाना कपाळावर चढला.

"मॅडम, जरा बाजूला व्हा," अधिकारी म्हणाला.

"हा तक्ता चुकीचा आहे."

"शंका असतील तर शेवटी घेऊ. प्लीज बसून घ्या."

त्या बसल्या नाहीत. अधिकाऱ्याने कागद सरकवून पाहिला, आकडे त्यांच्या अंगावरून सरकले. कोणीतरी हसलं. एका नर्सने शेजारणीला विचारलं, "कोण आहे ही म्हातारी?" प्रकाश डोळ्यांवर येत असल्यामुळे मॅडमना समोरचं काही दिसत नसावं. त्या डोळे बारीक करून अंधाराकडे बघत होत्या.

मी दाराजवळ बसले होते. बटणं माझ्या डोक्याशी होती. मी उठले आणि सगळ्या ट्यूबलाइट एकेक करून लावल्या. तक्ता फिका झाला. सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या.

"यातले फॉर्म मी भरले होते," मी म्हणाले.

मॅडमनी मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, घड्याळाचा पट्टा सारखा केला आणि समोर वह्या धरून बसलेल्या बायांना सांगायला सुरुवात केली.

"घाटाखालच्या पाड्यावर हिराबाई नावाची एक बाई होती."